सुईचा नंबर आणि हुनराची किंमत

आपल्याकडे क्रोशा डोळ्यांनी शिकवला जातो. 'दोरा बारीक आहे ना, मग बारीक सुई घे' एवढ्यावर अम्मीचे किंवा खालाचे काम भागते. साखळी, मुका खांब, खांब हे मुलीच्या बोटांत उतरते, पण सुई किती मिलिमीटरची हे तिला कुणी सांगत नाही. माझ्या मते हा विषय केवळ छंदाचा नाही. ज्या बाईला नंबर कळत नाही, तिला आपल्या कामाचा भावही नीट सांगता येत नाही.

नंबरांचा गोंधळ खरा आहे, हे आधी मान्य करू. आपल्या बाजारात विणकामाच्या सुयांना जुने इंग्रजी नंबर चालत आले. त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन. अमेरिकी पद्धत याच्या उलट आहे. तिथली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते. मोबाइलवर अमेरिकी व्हिडिओ पाहून पनवेलच्या किंवा वाशीच्या दुकानात नुसते '८ नंबर' मागितले, तर हाती भलतीच सुई येऊ शकते. म्हणून नंबर सोडा, मिलिमीटर विचारा.

प्लायचेही तसेच. चार प्लाय म्हणजे चार पदर, जाडी नव्हे. चार बारीक पदरांचा दोरा दोन जाड पदरांच्या दोऱ्यापेक्षा बारीक असू शकतो. अमेरिकेतल्या सूत-संघटनेने जाडीसाठी ० ते ७ असे क्रमांक ठरवले आहेत. ० म्हणजे जाळीचा बारीक दोरा, ४ मध्यम आणि ७ सर्वांत जाड. हा क्रमांक वेष्टनावर असेल तर पाहा, नसेल तर त्यावर छापलेला सुईचा आकार पाहा. नवी मुंबईच्या दमट हवेत लोकरीपेक्षा सुती दोरा बरा. पहिल्यांदा शिकणाऱ्या मुलीला अगदी बारीक पांढरा दोरा आणि स्टीलची सुई देऊ नये. फिक्या रंगाचा, जरा जाडसर दोरा आणि ४ मिलिमीटरची क्रोशा-सुई द्यावी, म्हणजे टाका दिसतो.

आता टोपीचे उदाहरण घ्या. ५६ सेंटिमीटरच्या डोक्यासाठी, १० सेंटिमीटरला २० टाके बसत असतील तर ११२ टाके लागतात. तोच दोरा थोड्या बारीक सुईने विणला आणि १० सेंटिमीटरला २२ टाके बसू लागले, तर तेच ११२ टाके ५१ सेंटिमीटरच भरतात. टोपी डोक्यात जात नाही. म्हणून आधी हातभर नको, चार बोटांचा चौकोन विणून टाके मोजावेत.

बोहरी घरांतल्या बायका पांढऱ्या दोऱ्याची, सोनेरी किनारीची टोपी इतक्या सफाईने विणतात, ती कागदावरचे नंबर वाचून नव्हे, हे खरे आहे. परंपरेने शिकलेला हात मोठाच. पण तो हात एकाच घरात, एकाच दोऱ्यावर तयार झालेला असतो. दोरा बदलला, गिऱ्हाईक दूरचे असले, 'अशाच पन्नास टोप्या द्या' म्हणाले, की लिहिलेले माप लागते.

आंध्रातल्या नरसापूरच्या क्रोशा लेसवर मारिया मीस यांचा अभ्यास १९८२ मध्ये पुस्तकरूपाने आला. तिथली लेस परदेशात विकली जात होती आणि विणणाऱ्या बायका मात्र 'फावल्या वेळात बसणाऱ्या गृहिणी' समजल्या जात होत्या. मजुरी कमी राहण्याचे एक कारण हेच होते. आपल्या मोहल्ल्यांतही हाच शब्द ऐकू येतो: फावला वेळ.

नंबर शिकल्याने दलाल गायब होणार नाही, हे मलाही माहीत आहे. पण वहीत दोरा, सुई, टाके आणि लागलेले तास लिहिणारी बाई 'तुम्ही द्याल ते' असे म्हणत नाही. ती हिशेब मांडते. म्हणून मुलीला क्रोशा शिकवाल तेव्हा सुईसोबत एक वही आणि मोजपट्टीही द्या.