सत्त्याऐंशीवे मिनिट

२३ डिसेंबर २००७. न्यूकॅसलच्या सेंट जेम्स पार्कवर पाहुणा डर्बी काउंटी २-१ ने पुढे होता. अख्ख्या मोसमात तोवर एकच सामना जिंकलेला, गुणतालिकेच्या तळाशी रुतून बसलेला हा संघ. सहाव्या मिनिटाला जाइल्स बार्न्सने गोल केला, मार्क विडुकाने तो फेडला, मध्यंतरानंतर केनी मिलरने पुन्हा आघाडी मिळवून दिली. घड्याळ ऐंशीच्या पुढे सरकले. परक्या मैदानावरचा विजय हाताशी आला होता. ८७व्या मिनिटाला विडुकानेच दुसऱ्यांदा बरोबरी साधली.

तीन दिवसांनी घरच्या मैदानावर लिव्हरपूल. सप्टेंबरमध्ये याच लिव्हरपूलने डर्बीला ६-० असे धुतले होते. या वेळी मात्र १-१. नव्वदावे मिनिट आले आणि स्टीव्हन जेरार्डने गोल केला. त्याआधी १ डिसेंबरला सुंदरलँडमध्येही हेच. नवे प्रशिक्षक पॉल ज्युएल यांचा पहिलाच सामना, गोलफलक कोरा, एक गुण जवळपास खिशात. भरपाई वेळेत अँथनी स्टोक्सने गोल केला आणि तो एक गुणही गेला.

सव्वीस दिवसांत तीनदा काठावर येऊन बुडालेल्या या संघाबद्दल त्या हिवाळ्यात एकच निदान केले जात होते : यांना हरायची सवय लागली आहे.

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये डर्बीचा २००७-०८चा मोसम आजही विनोदाला पुरतो. ३८ सामने, १ विजय, ८ बरोबरी, २९ पराभव. २० गोल केले, ८९ खाल्ले. गुण ११. परक्या मैदानावर एकही विजय नाही. ॲस्टन व्हिलाने त्यांच्याच घरी येऊन सहा गोल केले, चेल्सीनेही सहा केले. मोसम जेमतेम महिनाभर जुना असताना एका सट्टेबाज कंपनीने ‘डर्बी खाली जाणार’ यावर लावलेले पैसे वाटूनही टाकले. निकाल लागायच्या सहा महिने आधी निकाल लागला! प्रत्यक्ष शिक्कामोर्तब २९ मार्चला झाले, फुलहॅमशी २-२ बरोबरी झाली त्या दिवशी. प्रीमियर लीगमधून मार्च महिन्यातच बाहेर पडलेला तोवर दुसरा संघ नव्हता.

हा काही गल्लीतला क्लब नव्हे. १८८४ साली स्थापन झालेला, ब्रायन क्लफ यांच्या हाताखाली १९७२ मध्ये आणि डेव्ह मॅकाय यांच्या हाताखाली १९७५ मध्ये इंग्लंडचा विजेता ठरलेला. २००७च्या मे महिन्यात वेम्ब्लीवर वेस्ट ब्रॉमविचला १-० ने हरवून तो वरच्या विभागात आला, पण ठरल्यापेक्षा आधी आला. प्रशिक्षक बिली डेव्हिस येऊन जेमतेम वर्ष झाले होते आणि हाताशी खेळाडू होते ते खालच्या विभागाच्या मापाचे. पस्तीस लाख पौंड मोजून आणलेल्या रॉबर्ट अर्नशॉने अख्ख्या लीगमध्ये एक गोल केला. नोव्हेंबरात डेव्हिस गेले, ज्युएल आले. जानेवारीत क्लबचे मालक बदलले आणि खेळाडूंची नवी भरती झाली. विजय काही आला नाही.

इथे ‘मानसिकता’ या शब्दाला थोडे थांबवून त्याचा हिशेब मागायला हवा. डिसेंबरातले ते तीन उशिराचे घाव पुसून टाकले, तर डर्बीला चार गुण जास्त मिळतात. म्हणजे पंधरा. त्या वर्षी तरलेल्या फुलहॅमकडे ३६ होते. उरलेल्या एकवीस गुणांची तूट मनाची नव्हती. पायांची, पैशांची आणि घाईची होती. मोडक्या बैलगाडीला ‘तुझ्यात जिद्द नाही’ म्हणून ती शर्यत जिंकत नाही. हरणाऱ्या संघाचा प्रशिक्षक पत्रकार परिषदेत ‘मानसिकता’ म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा त्याला खेळाडूंची नावे घ्यायची नसतात आणि मालकांचेही.

पण ते चार गुण उरतातच. ते कुठे गेले?

ते पाहायचे तर चेंडूकडे बघून चालत नाही. सतत हरणारा संघ आघाडीवर असतो तेव्हा पंचाहत्तराव्या मिनिटानंतर त्याची बचावफळी पाहावी. कुणी हुकूम दिलेला नसतो, तरी ती पावला-पावलाने मागे सरकते. आधी मध्यरेषेपासून, मग बॉक्सच्या टोकापर्यंत, मग थेट गोलरक्षकाच्या अंगावर. ती मागे आली की मधली फळीही मागे येते आणि आघाडीवीर पुढे एकटाच हात पसरून उभा राहतो. आता चेंडू मिळाला तरी द्यायचा कुणाला? मग तो उंच टोलवायचा. टोलवलेला चेंडू घेऊन समोरचा संघ काही सेकंदांत परत दारात. प्रत्येक टोलवणीमागे बचावपटूला वाटते, संकट टळले. खरे तर त्याने चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या स्वाधीन केलेला असतो. गोल खाल्ल्यावरही कुणी कुणावर ओरडत नाही. माना खाली, चेंडू मध्यावर. या शांततेला खेळाडूंच्या भाषेत शब्द नाही, पण प्रेक्षकांना ती गॅलरीच्या शेवटच्या रांगेतूनही ओळखता येते.

प्रेक्षक मात्र येत होते. त्या मोसमात प्राइड पार्कवर सरासरी बत्तीस हजारांवर माणसे जमली, म्हणजे मैदान जवळपास भरलेले. ज्यांनी कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील किंवा शिवाजी तरुण मंडळाचा सामना पाहिला आहे, त्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही. पेठेचा संघ हरतो म्हणून पेठ बदलता येत नाही. डर्बीच्या लोकांनी तर पुढे पुढे पराभवातच आपली करमणूक शोधली. मोठ्या संघाविरुद्ध एखादा कॉर्नर मिळाला तरी गोल झाल्यासारखा जल्लोष.

हरण्याच्या या सवयीला मानसशास्त्रात एक जुने नाव आहे. १९६०च्या दशकात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या अमेरिकी संशोधकांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. काही कुत्र्यांना विजेचे झटके बसत आणि ते थांबवणे त्यांच्या हातात नसे. पुढे त्याच कुत्र्यांना सुटकेची वाट मोकळी असलेल्या पेटीत ठेवले. एक लहानसा अडथळा ओलांडला की झटका थांबणार. त्यातले बरेच कुत्रे तो ओलांडायलाही उठले नाहीत, पडून राहिले. ‘शिकलेली असहायता’ हे नाव तिथून आले आणि पुढे क्रीडा समालोचकांच्या तोंडी रुळले.

या गोष्टीचा उत्तरार्ध मात्र फारसा कुणी सांगत नाही. २०१६ मध्ये त्याच दोघांनी अर्धशतकाच्या संशोधनाकडे मागे वळून पाहिले आणि आपलाच सिद्धांत उलटा केला. लांबलेल्या त्रासापुढे गलितगात्र होणे हे शिकावे लागत नाही, ती मेंदूची मूळची प्रतिक्रियाच आहे, असे त्यांनी लिहिले. शिकावे लागते ते दुसरेच : काही गोष्टी आपल्या हातात आहेत, हे. ड्रेसिंग रूममध्ये नेऊन पाहिले, तर या दुरुस्तीने बराच फरक पडतो. मग हरणाऱ्या खेळाडूच्या डोक्यातून काही काढून टाकायचे उरत नाही. त्यात काहीतरी घालायचे असते, आणि ते भाषणाने जात नाही.

इंग्लंडच्या पेनल्टी शूटआऊटचे उदाहरण घ्या. २०१८च्या विश्वचषकाआधी मोठ्या स्पर्धांतल्या सातपैकी सहा शूटआऊट इंग्लंड हरले होते. देशभर त्याला नशीब म्हणत, शाप म्हणत. नॉर्वेचे संशोधक गेर योर्डेट यांनी चित्रफिती लावून घड्याळ धरले. रेफरीने शिट्टी वाजवल्यावर खेळाडू धावायला किती वेळ घेतो? इंग्लंडचे खेळाडू सरासरी ०.२८ सेकंदात निघत होते, इतर मोठ्या देशांच्या खेळाडूंपेक्षा लवकर. जणू एकदाचे उरकून टाकायचे. आधी हरलेल्या संघांचे खेळाडू अशी घाई करतात आणि घाईत चुकतात, असे त्यांना दिसले. बचावपटूने उंच टोलवलेला तो चेंडू आणि ही घाई, दोन्ही एकाच घरातली.

१९९६ मध्ये जर्मनीविरुद्ध स्वतः पेनल्टी हुकवलेले गॅरेथ साउथगेट २०१८ मध्ये प्रशिक्षक होते. त्यांनी हुकल्याचे दुःख उगाळले नाही. शिट्टीनंतर थांबायचे, श्वास घ्यायचा, मग निघायचे, याचा सराव करून घेतला. कोलंबियाविरुद्ध गोलरक्षक जॉर्डन पिकफर्ड स्वतः चेंडू उचलून आपल्या खेळाडूच्या हातात देत होता. जॉर्डन हेंडरसनची पेनल्टी अडली, तरी इंग्लंड ४-३ ने जिंकले. विश्वचषकातले त्यांचे पहिले शूटआऊट यश.

इतक्या लांब कशाला, गुवाहाटीचा नॉर्थईस्ट युनायटेड आहेच. जॉन अब्राहमच्या मालकीचा हा क्लब २०२२-२३च्या इंडियन सुपर लीगमध्ये पहिले दहाच्या दहा सामने हरला. डर्बीलाही लाजवील अशी सुरुवात. मोसम संपला तेव्हा २० सामन्यांत १ विजय, २ बरोबरी आणि ५ गुण. गंमत म्हणजे तो एकुलता विजय कोणाविरुद्ध? त्या वेळच्या एटीके मोहन बागानविरुद्ध, ज्यांनी काही महिन्यांतच मडगावच्या फातोर्डा मैदानावर त्या वर्षीचा आयएसएल करंडक उचलला. म्हणजे जिंकायची ताकद नव्हतीच असेही म्हणता येत नाही.

२०२३ मध्ये स्पेनचे हुआन पेद्रो बेनाली प्रशिक्षक म्हणून आले. त्याच ऑगस्टमध्ये संघ ड्युरंड कपच्या उपांत्य फेरीत पोहोचला. कोलकात्यात साल्ट लेकच्या मैदानावर ईस्ट बंगालविरुद्ध २-० ची आघाडी. सत्त्याहत्तराव्या मिनिटाला एक गोल गेला. भरपाई वेळेच्या सातव्या मिनिटाला दुसरा. मग शूटआऊट आणि पराभव. न्यूकॅसलमधला डर्बी जणू साल्ट लेकवर उतरला होता. ‘बघा, सवय जात नाही’ म्हणायला लोक मोकळे झाले.

क्लबने मात्र प्रशिक्षक बदलला नाही. आयएसएलच्या मोसमात पाच गुणांवरून संघ सातव्या क्रमांकापर्यंत चढला. विजेतेपदाच्या गप्पा कराव्यात असे त्यात काही नव्हते; पण दर तीन-चार सामन्यांनी एखादा जिंकायचा, एखाद्यात बरोबरी राखायची, म्हणजे शेवटच्या दहा मिनिटांत आपण काहीतरी करू शकतो याचे पुरावे जमवायचे.

३१ ऑगस्ट २०२४. पुन्हा साल्ट लेक, पुन्हा ड्युरंड, या वेळी अंतिम सामना. समोर मोहन बागान आणि बागानची भरगच्च गॅलरी. मध्यंतराला नॉर्थईस्ट ०-२ ने मागे. उत्तरार्धात अलाएद्दीन अजरायने एक फेडला, पाठोपाठ गिलेर्मो फर्नांडेझने दुसरा. तीनेक मिनिटांत २-२. सामना शूटआऊटमध्ये गेला, वर्षभरापूर्वी जिथे गेला होता तिथेच. गोलरक्षक गुरमीत सिंगने गोव्याच्या लिस्टन कुलासोची पेनल्टी अडवली आणि मग बागानचा कर्णधार सुभाशिष बोसचीही. ४-३. स्थापनेनंतर दहा वर्षांनी क्लबचा पहिला करंडक, तोही १८८८ पासून चालत आलेल्या स्पर्धेचा. पुढच्या वर्षी त्यांनी तो राखला, अंतिम सामन्यात डायमंड हार्बरवर ६-१ अशी मात करून.

डर्बीची गोष्ट इतकी नेटकी नाही. खालच्या विभागात आल्यावरही विजय येईना. आधीच्या मोसमातल्या त्या एकुलत्या विजयाच्या, म्हणजे न्यूकॅसलला हरवल्याच्या दिवसाला, १७ सप्टेंबर २००७ला, वर्ष पूर्ण व्हायला चार दिवस उरले होते, तेव्हा १३ सप्टेंबर २००८ रोजी शेफील्ड युनायटेडविरुद्ध लीगमधला पुढचा विजय मिळाला. मधे लीगचे ३६ सामने विजयाविना गेले होते. डिसेंबरअखेर ज्युएलही पायउतार झाले.

त्यांच्या जागी नायजेल क्लफ आले, ब्रायन क्लफ यांचे चिरंजीव. ७ जानेवारी २००९च्या रात्री त्यांनी अजून सूत्रे हाती घेतली नव्हती, ते नुसतेच प्रेक्षकांत बसले होते. प्राइड पार्कवर लीग कपच्या उपांत्य फेरीत समोर मँचेस्टर युनायटेड, युरोपचे विजेते. क्रिस कॉमन्सने तिसाव्या मिनिटाच्या सुमारास लांबून फटका मारला आणि १-० झाले. मग उरलेला तासभर डर्बीने तो एक गोल राखला. सत्त्याऐंशीवे मिनिट आले आणि गेले.

परतीच्या सामन्यात ओल्ड ट्रॅफर्डवर पूर्वार्धातच युनायटेडने तीन गोल चढवले. कपातून डर्बी बाहेर पडणार हे उघड होते. ऐंशीव्या मिनिटाला बार्न्सने पेनल्टीवर एक फेडला, रोनाल्डोने चौथा केला, लोक उठू लागले. अगदी अखेरच्या क्षणी डर्बीला फ्री किक मिळाली. बार्न्सने चेंडू ठेवला, मागे गेला आणि गोल केला. ४-२. दोन्ही सामने मिळून ४-३ असा पराभव. पाहुण्यांच्या कोपऱ्यातले लोक शिट्टी झाल्यावरही बराच वेळ उभेच होते.