धूर गेला कुठे?

दोस्तांनो, फुंकणीने कधी चूल पेटवलीय? डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं ना! तीन दगडांच्या चुलीत लाकडातल्या उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा भांड्याला मिळतो. बाकीची चक्क वाया! आईने डोक्यावरून आणलेली मोळी भराभरा संपते, अन् धूर तिच्याच छातीत जातो.

म्हणून १९८३ साली भारत सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. निर्धूर चुलीचा निम्मा किंवा त्याहून जास्त खर्च सरकार देई. युक्ती साधीच. जाळ बंदिस्त ठेवायचा, पुढच्या भांड्याखालून मागच्या वैलाकडे न्यायचा आणि उरलेला धूर धुराड्यातून छपराबाहेर! एकाच जाळावर इकडे भाकरी, तिकडे आमटी.

२००२ पर्यंत, सरकारी आकड्यांप्रमाणे, तीन कोटींहून जास्त चुली बसल्या. पण मेख पुढेच होती. अनुदान मिळे ते चूल बसवायला. नंतर तिची देखभाल करायला फारसं कुणी फिरकत नसे. धुराड्यात काजळी साचली, चूल तडकली, की धूर परत घरात! कित्येक घरी पुन्हा तीन दगड मांडले गेले.

सुट्टीत गावी जाल तेव्हा आजीला विचारा, तिच्याकडे निर्धूर चूल होती का? आणि हो, धुराडं कोण साफ करायचं, तेही विचारा बरं का!