बंदराचा खर्च कोणाचा आणि सत्ता कोणाची?

लोह्याच्या बाजारांत उभें राहिलें असतां समुद्र फार दूर वाटतो. मुंबईच्या धक्क्यावरील दर चढले कीं उतरले, याची चौकशी येथील व्यापारी क्वचितच करितो. परंतु आपल्या कापसाची गांठ परदेशीं गेली, किंवा एखाद्या यंत्राचा भाग तिकडून येथें आला, म्हणजे धक्क्यावर पडलेला प्रत्येक पैसा शेंवटीं शेतकऱ्याच्या भावांतून कापला जातो, नाहीं तर गिऱ्हाइकाच्या किंमतींत मिळविला जातो. यास्तव बंदराचा प्रश्न हा केवळ बेटावरच्या लोकांचा प्रश्न नव्हे.

मुंबई बेट १६६१ च्या विवाहकरारानें इंग्लंडच्या राजाकडे आलें व १६६८ सालीं सालिना १० पौंड खंडावर कंपनीच्या हातीं गेलें. निसर्गानें बंदर उत्तम दिलें होतें. परंतु १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी चालूं लागली व १८६९ सालीं सुएझचा कालवा खुला झाला, तेव्हां कोठें त्याचें खरें मोल कळलें. १८७३ सालीं पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. प्रिन्सेस गोदी १८८० सालीं, व्हिक्टोरिया गोदी १८८८ सालीं व अलेक्झांड्रा गोदी १९१४ सालीं सुरू झाली. आणि या शेंवटच्या गोदीच्या खोदाईंतून निघालेल्या मातीनें समुद्र भरून बॅलार्ड इस्टेट उभी राहिली.

येथें एक भेद लक्षांत ठेवणें अवश्य आहे. धक्क्यावर दोन प्रकारचा पैसा गोळा होतो. बंदरपट्टी, धक्काभाडें व गोदीभाडें हें ट्रस्टाचें उत्पन्न. त्यांतून गाळ उपसणें, धक्के दुरुस्त राखणें व कर्जाचें व्याज भरणें हीं कामें चालतात. जकात मात्र सरकारी खजिन्यांत जाते. पहिला पैसा सेवेचा मोबदला आहे, दुसरा राज्यकर्त्याच्या धोरणाचा कर आहे. तें धोरण कोणासाठीं होतें, हें इतिहास सांगतो. १८८२ सालीं बहुतेक आयात जकाती उठविल्या. १८९४ सालीं खजिन्याची ओढाताण होतांच त्या पुन्हा बसविल्या. आणि १८९६ सालीं परदेशी कापडावर शेंकडा ३॥ जकात ठेवून येथील गिरण्यांच्या कापडावरही तितकाच कर लादला, कारण लँकेशायरचें समाधान व्हावयाचें होतें. हा कर उठण्यास १९२५ साल उजाडावें लागलें.

आमच्या भागाचें दुःख याहून एका पायरीनें अधिक होतें. निजामी मुलखांतून बाहेर जाणाऱ्या व आंत येणाऱ्या मालावर करोडगिरी होती. म्हणजे नांदेडकडच्या व्यापाऱ्यास संस्थानच्या नाक्यावर एकदां व मुंबईच्या धक्क्यावर पुन्हा पैसे मोजावे लागत. आणि या दोहोंपैकीं एकाही ठिकाणीं त्याचा शब्द नव्हता. १९०७ सालीं इंडियन मर्चंट्स चेंबर निघाली, तेव्हां मुंबईच्या हिंदी व्यापाऱ्यास संघटित तोंड मिळालें. घाटावरचा मनुष्य मात्र मुकाच राहिला.

संस्थान १९४८ सालीं भारतांत विलीन झालें, पुढें करोडगिरीही गेली. १९८९ सालीं न्हावाशेव्याचें नवें बंदर सुरू झालें. २०२४ सालीं पालघर जिल्ह्यांत वाढवण येथें सुमारें ७६,००० कोटि रुपयांच्या बंदराची कोनशिला बसली. परंतु सत्तेचा प्रश्न सुटला काय? १९६३ च्या कायद्यानें विश्वस्त मंडळांत माल पाठविणाऱ्यांच्या व जहाजवाल्यांच्या प्रतिनिधींस स्थान ठेविलें होतें. २०२१ च्या कायद्यानें राज्य सरकार, रेल्वे, संरक्षण व जकात या खात्यांस एकेक जागा, कामगारांस दोन व स्वतंत्र सभासदांस दोन ते चार जागा दिल्या. माल पाठविणाऱ्यास हक्काची जागा उरली नाहीं. आणि दर ठरविण्याचा अधिकार याच मंडळाच्या हातीं आला.

लहान मंडळ निर्णय त्वरित घेतें, हें म्हणणें आम्हांस मान्य आहे. कामगारांस जागा मिळाली हेंही योग्यच झालें. परंतु जो दर भरतो त्यास दर ठरवितांना विचारूं नये, ही रीत धन्याला धत्तुरा व चाकराला मलिदा या म्हणीस शोभणारी आहे. परक्या राज्यांत ती अन्याय म्हणून सोसली. स्वराज्यांत ती केवळ दुर्लक्ष म्हणून चालूं द्यावी काय?

आमची सूचना साधी आहे. स्वतंत्र सभासदांपैकीं एक तरी देशावरच्या व्यापाराचा जाणता असावा. धक्क्यावर काय जमलें व गाळ उपसण्यास, दुरुस्तीस काय लागलें, याचा ताळेबंद दरसाल मराठींत प्रसिद्ध व्हावा. आणि दोष केवळ सरकारचा नाहीं. आडतीवर हमाली व तोलाई यांचा हिशेब पैपैनें पाहणारा आमचा व्यापारी धक्क्याच्या आकाराकडे ढुंकूनही पाहत नाहीं. मुंबईच्या दलालाकडून येणाऱ्या पट्टींतील प्रत्येक रकमेचा अर्थ त्यानें विचारावा, चार गांवच्या व्यापाऱ्यांनीं तो एकत्र मांडावा व मग मागणी करावी. हिशेब न विचारणाऱ्याचा हिशेब कोणी देत नाहीं, हें व्यापाऱ्यास आम्हीं शिकवावें असें नाहीं.