विश्लेषण : तयार आराखडा घेऊनही अमेरिकेची फ्रिगेट योजना का फसली?

अमेरिकी नौदलाने ‘कॉन्स्टेलेशन’ श्रेणीच्या फ्रिगेट बांधणीचा कार्यक्रम गुंडाळत असल्याचे २५ नोव्हेंबर २०२५ रोजी जाहीर केले. काम सुरू असलेल्या दोन नौका पूर्ण होतील. मागणी नोंदवलेल्या पुढील चार रद्द झाल्या. खर्च आणि जोखीम कमी राहावी म्हणूनच तयार परदेशी आराखडा निवडला होता. मग तो महाग का पडला?

मूळ योजना काय होती?

फ्रिगेट ही सहसा विनाशिकेपेक्षा लहान युद्धनौका. पाणबुड्यांचा माग काढणे, व्यापारी जहाजांना संरक्षण देणे ही तिची नित्याची कामे. अमेरिकेची पेरी श्रेणीतील शेवटची फ्रिगेट २०१५ मध्ये निवृत्त झाली. किनाऱ्यालगतच्या युद्धासाठी बांधलेल्या ‘एलसीएस’ नौका तिची जागा भरून काढू शकल्या नाहीत. म्हणून एप्रिल २०२० मध्ये इटलीच्या फिनकांतिएरी कंपनीच्या विस्कॉन्सिन येथील गोदीला कंत्राट देण्यात आले. फ्रान्स आणि इटलीने विकसित केलेली ‘फ्रेम’ श्रेणी तेव्हा सेवेत होतीच. तिचा सुमारे ८५ टक्के आराखडा कायम राहील, असा अंदाज होता.

बिनसले कुठे?

नौदलाला स्वतःचे रडार, ‘एजिस’ युद्धप्रणाली आणि हल्ला झेलण्याचे स्वतःचे कडक निकष हवे होते. प्रत्येक मागणी सुटी पाहिली तर रास्तच. पण जहाजात कोणताही बदल एकटा येत नाही. शक्तिशाली रडारला जास्त वीज लागते, विजेसाठी मोठी जनित्रे, ती थंड ठेवण्यासाठी मोठी यंत्रणा. वजन वाढते, सांगाडा लांबवावा लागतो, केबल आणि नळ्यांचे मार्ग नव्याने आखावे लागतात. अखेर मूळ आराखड्याशी साम्य १५ टक्क्यांहूनही कमी उरले. त्यातच आराखडा पूर्ण होण्यापूर्वीच ऑगस्ट २०२२ मध्ये बांधणी सुरू झाली. २०२६ मध्ये अपेक्षित असलेली पहिली नौका २०२९ पर्यंत लांबली.

ब्रिटनने काय वेगळे केले?

ब्रिटनने ‘टाइप ३१’साठी आधी किंमत ठरवली : पाच नौका, प्रत्येकी सरासरी २५ कोटी पौंड. २०१९ मध्ये बॅबकॉक कंपनीचा, डेन्मार्कच्या ‘इव्हर ह्विटफेल्ट’ श्रेणीवर आधारित आराखडा निवडला. त्यासाठी तडजोड स्वीकारली. या नौकांच्या तळाला सोनार नाही. पाणबुडीविरोधी काम महागड्या ‘टाइप २६’कडे आहे. अर्थात ठरलेल्या किमतीचा भार कुणावर तरी पडतोच. या कंत्राटापायी बॅबकॉकला मोठा तोटा नोंदवावा लागला.

भारताचा मार्ग कोणता?

भारताने ‘प्रकल्प १७ए’साठी स्वतःच्याच ‘शिवालिक’ श्रेणीचा आराखडा पुढे नेला. सातपैकी चार नौका मुंबईच्या माझगाव डॉकला, तर तीन कोलकात्याच्या गार्डन रीचला मिळाल्या. पहिली ‘नीलगिरी’ १५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईत नौदलात दाखल झाली. सुमारे ४५ हजार कोटी रुपयांचा हा प्रकल्प स्वस्त नाही. पण मूळ आराखडा आणि त्यातील बदल दोन्ही नौदलाच्याच आराखडा विभागाचे असल्याने, एक बदल पुढे काय काय हलवील याचे ज्ञान घरातच राहिले. परदेशी आराखडा विकत घेताना नेमके हेच ज्ञान सोबत येत नाही.

पुढे काय?

डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने तटरक्षक दलाच्या ‘लेजंड’ श्रेणीवर आधारित नव्या फ्रिगेटची घोषणा केली. पहिली नौका २०२८ मध्ये पाण्यात उतरवण्याचे उद्दिष्ट आहे. म्हणजे पुन्हा तयार आराखडाच. मागण्यांची यादी कंत्राटाच्या दिवशी बंद झाली नाही, तर हिशेब पुन्हा चुकेल. किमतीवर ठाम राहायचे, तर एखाद्या क्षमतेवर पाणी सोडावे लागते. तो निर्णय बांधणीपूर्वी घेतला तर काटकसर ठरते. गोदीत पोलाद कापल्यानंतर घेतला, तर पैसाही जातो आणि नौकाही हाती येत नाहीत.