सूर्य स्वस्त, वीज महाग

ऑगस्ट २०२३ मध्ये पाकिस्तानातील कराची, रावळपिंडी, पेशावर आदी शहरांत लोक रस्त्यावर उतरले आणि त्यांनी भर चौकात विजेची बिले जाळली. पुढच्याच वर्षी, म्हणजे २०२४ मध्ये, याच देशाने सुमारे १७ हजार मेगावॉट क्षमतेची सौर पॅनेल आयात केली. यामागे सरकारची मोठी मोहीम नव्हती की अनुदानाची खैरात नव्हती. चीनमध्ये पॅनेलच्या किमती कोसळल्या आणि बिलाने गांजलेल्या ग्राहकाने बाजारातून ती उचलून आपल्या छपरावर चढविली, इतकेच. अपारंपरिक ऊर्जेच्या पुरस्कर्त्यांना हा मोठाच विजय वाटेल. परंतु छपरावरून नजर खाली आणून विजेच्या खांबाकडे पाहिले, तर याच विजयाची दुसरी बाजू दिसते आणि ती चिंता वाटावी अशी आहे.

या दुखण्याचे मूळ १९९४ च्या वीज धोरणात आहे. तरबेला आणि मंगला या धरणांवरील जलविद्युत वाढत्या मागणीला अपुरी पडू लागली, तेव्हा बेनझीर भुट्टो यांच्या सरकारने खासगी वीज कंपन्यांना दारे उघडली. त्यांना परतावा डॉलरच्या हिशेबाने देण्याचे ठरले. वीज घेतली अथवा न घेतली तरी प्रकल्प सज्ज ठेवल्याबद्दल स्थिर आकार द्यायचा, ही करारातील खरी मेख. पुढे २०१५ नंतर चीन-पाकिस्तान आर्थिक महामार्गाच्या छत्राखाली साहिवाल, पोर्ट कासिम येथे प्रत्येकी १३२० मेगावॉटचे कोळसा प्रकल्प उभे राहिले, तेव्हाही हाच साचा वापरला गेला. भारनियमनाने त्रासलेल्या देशाला वीज हवी होती आणि ती मिळालीही. मात्र मागणी अपेक्षेप्रमाणे वाढली नाही. स्थापित क्षमता ४० हजार मेगावॉटच्या पुढे गेली. हिवाळ्यातील मागणी मात्र उन्हाळ्याच्या निम्म्याहूनही खाली उतरते. तरीही न वापरलेल्या क्षमतेचे पैसे चुकत नाहीत.

त्यात चलनाने दगा दिला. २०१७ मध्ये सुमारे १०५ पाकिस्तानी रुपयांना मिळणारा डॉलर सप्टेंबर २०२३ मध्ये तीनशेच्या पलीकडे गेला. दरम्यान २०२२ मधील युक्रेन युद्धाने आयात वायूचे दर भडकविले. परिणामी २०२३-२४ या वर्षात केवळ क्षमतेपोटी द्यावयाची रक्कम दोन लाख कोटी रुपयांच्या घरात पोहोचली. वितरण कंपन्यांची गळती, वीजचोरी आणि थकबाकी यांमुळे साचलेले ‘चक्राकार कर्ज’ त्याहून वेगळे. तेही दोन लाख कोटींच्या वर गेले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे कर्ज हवे तर ही तूट दरवाढीतून भरून काढा, असा दंडक होता. चौकात जळालेली बिले ही त्याचीच परिणती.

यापुढचा टप्पा अधिक गंभीर आहे. ज्याचे स्वतःचे घर आहे, छप्पर आहे आणि हाताशी रक्कम आहे, तो सौरऊर्जेकडे वळतो. दिवसा तो जालातून वीज घेत नाही. उलट नेट मीटरिंगमुळे उरलेली वीज जालाला विकतो आणि रात्री तीच परत घेतो. डिसेंबर २०२४ पर्यंत असे ग्राहक २ लाख ८३ हजार आणि त्यांची क्षमता ४ हजार मेगावॉटवर गेली होती. त्यांनी सोडलेला स्थिर खर्चाचा भार सुमारे १५९ अब्ज रुपये असून तो उरलेल्या ग्राहकांवर पडतो, असा हिशेब सरकारनेच मांडला. हे उरलेले कोण? भाड्याच्या खोलीत राहणारे, मजल्यांच्या इमारतीतील रहिवासी, छोटे दुकानदार. दरमहा २०० युनिटांच्या आतील ग्राहकाला सवलतीचे संरक्षण आहे. पण ती रेघ ओलांडली की दर एकदम चढतो. दर चढला की आणखी काही जण छपराकडे वळतात आणि मागे राहिलेल्यांचा वाटा पुन्हा वाढतो.

महाराष्ट्राला या गणिताची ओळख आहे. राज्य वीज मंडळाने १९९३ मध्ये एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाशी केलेला करारही याच घाटाचा होता. तेथील वीज परवडेना, तेव्हा मे २००१ मध्ये मंडळाने खरेदीच थांबविली. दाभोळ मात्र एका राज्यातील एक प्रकल्प होता. पाकिस्तानने जवळपास सारी वीजव्यवस्थाच तशा करारांवर उभी केली.

सरकारने हातपाय हलविले नाहीत असे नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये हबसह पाच जुन्या खासगी प्रकल्पांचे करार मुदतीपूर्वी संपविण्यात आले. कतारकडून यावयाच्या द्रवरूप वायूची पाच जहाजे २०२५ वरून २०२६ वर ढकलण्यात आली. मार्च २०२५ मध्ये छपरावरील विजेचा खरेदीदर २७ रुपयांवरून १० रुपयांवर आणण्याचा निर्णय आर्थिक समन्वय समितीने घेतला. विरोध होताच मंत्रिमंडळाने तो फेरविचारासाठी परत पाठविला. जूनच्या अर्थसंकल्पात आयात पॅनेलवर १८ टक्के विक्रीकर सुचविला गेला आणि अखेर १० टक्क्यांवर तडजोड झाली. छपरावरच्या ग्राहकाला दंड करून जुन्या करारांचा भार हलका होईल, हा भ्रम आहे. दर फार कमी केला तर तो ग्राहक बॅटरी घेईल आणि जालाशी उरलेले नातेही तोडेल.

२०३० पर्यंत जलविद्युत धरून ६० टक्के ऊर्जा नूतनशील स्रोतांतून मिळविण्याचे उद्दिष्ट पाकिस्तानने जाहीर केले आहे. सिंधमधील झिंपीरचा वारा आणि दक्षिण पंजाबचे ऊन पाहता ते अशक्यप्राय नाही. परंतु त्यासाठी चिनी कर्जाची फेररचना, वितरणातील गळतीला आळा, सायंकाळच्या मागणीसाठी साठवणुकीची सोय आणि जालाच्या खर्चाची सर्वांत न्याय्य वाटणी ही कामे आधी करावी लागतील. ती टाळली तर सधनांना स्वस्त सूर्य आणि गरिबांना महाग वीज, अशी फाळणी पक्की होईल. उद्योगांकडून चढे दर घेऊन शेतीपंपांना सवलत देणाऱ्या आणि आता घरोघरी छपरे सौर करू पाहणाऱ्या भारतातील राज्यांनीही हा हिशेब वेळीच मांडलेला बरा. चांगला ग्राहक निघून गेल्यावर तो मांडण्यात अर्थ उरत नाही.