तूप, ताप आणि औषधाची वाट

थंडीत डब्यातले तूप चमच्याला दाद देत नाही. उन्हाळ्यात तेच पातळ होऊन वाहते. आपल्या प्रत्येक पेशीभोवतीही स्निग्ध पदार्थांचे दोन थरांचे, अतिशय पातळ आवरण असते. पेशीत शिरणाऱ्या औषधाला ते ओलांडावे लागते. मग तापमान बदलले तर काय होते?

खऱ्या पेशीचे आवरण फार गुंतागुंतीचे असते. म्हणून शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत साधे नमुना-आवरण तयार करतात. असे स्निग्ध पदार्थ पाण्यात मिसळले की त्यांचे आपोआप बंद, पोकळ गोळे बनतात, हे १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक बँगहॅम यांनी दाखवले. हेच लायपोसोम.

या प्रयोगांत नेहमी वापरला जाणारा डीपीपीसी हा पदार्थ सुमारे ४१ अंश सेल्सियसखाली घट्ट असतो, त्यावर सैल होतो. गंमत म्हणजे सर्वांत जास्त गळती ऐन बदलाच्या वेळी होते, कारण घट्ट आणि सैल भागांच्या सीमेवर फटी पडतात. काही भुलीची औषधे मिसळली, तर आवरण त्याहून कमी तापमानालाच सैल होते. म्हणजे औषध आणि उष्णता दोघेही आवरणावर परिणाम करतात.

यावरूनच १९७८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी एक कल्पना मांडली: औषध लायपोसोममध्ये भरायचे आणि शरीराचा नेमका हवा तो भाग किंचित गरम करून ते तिथेच सोडायचे. कर्करोगासाठी त्यावर पुढे बरेच काम झाले.

घरात मात्र हीच उष्णता धोक्याची ठरू शकते. तीव्र वेदनांसाठी फेंटानिलची पट्टी त्वचेवर लावतात. उष्णतेने पट्टीतून औषध जास्त सुटते, त्वचा ते अधिक सहज आत सोडते आणि रक्तप्रवाहही वाढतो. त्वचेचे तापमान ४० अंशांवर गेले, तर रक्तातील औषध सुमारे एक तृतीयांशाने वाढू शकते. त्याने श्वास मंदावून जीवही जाऊ शकतो.

म्हणून घरात कुणाला अशी पट्टी लावली असेल, तर त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, शेक देऊ नका, कडक उन्हात बसवू नका. ताप आला तर लगेच डॉक्टरांना कळवा. रुग्ण फार गुंगीत वाटला किंवा श्वास मंद झाला, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा.