ग्रीक वरण आणि आमचा फोडणीचा हट्ट

ग्रीसहून परतलेल्या मराठी माणसाचे दोन प्रकार असतात. पहिला "ती चव इकडे येणं शक्यच नाही हो" असं वर्षभर ऐकवतो. दुसरा पहिल्याच रविवारी इंपोर्टेड मालाच्या दुकानात जाऊन कार्ड घासतो. मी दुसरा. (बायकोच्या मते दोन्ही.)

सांतोरिनीला आम्ही आठ दिवस होतो. पांढरी घरं आणि सूर्यास्त तुम्ही इतरांच्या फोटोंत पाहिलेच असतील, ते सोडून देऊ. लक्षात राहिलं ते जेवण. म्हणून पुण्यात परत आल्यावर टीममधल्या सहा जणांना घरी बोलावलं. साडेचारशे रुपयांचं फेटा, आइसबर्ग लेट्यूस, 'ग्रीक ड्रेसिंग'ची बाटली, सगळं आणलं. चव आली ती मॉलच्या फूड कोर्टाची.

चूक माझीच होती. तिथल्या होरियातिकीत, म्हणजे 'गावाकडच्या' सॅलडमध्ये, लेट्यूसचा पालापाचोळा नसतोच! टोमॅटो, काकडी, कांदा, हिरवी सिमला मिरची, ऑलिव्ह, वर फेट्याची अख्खी वडी, ओरेगानो आणि तेल. टोमॅटोचा रस नि तेल मिळून तळाशी जे साठतं ते पावाने पुसून खायचं, हेच ड्रेसिंग. मी पाल्यावर पैसे उडवले आणि टोमॅटो मात्र फ्रिजमधले, कडक, बेचव. एखाद्या ज्युनियरने असा कोड लिहिला असता तर मी त्याला झापलं असतं.

आता पर्यायांबद्दल. फेट्याऐवजी पनीर घाला असं सांगणाऱ्यांशी माझं भांडण आहे. युरोपियन युनियनमध्ये २००२ पासून फेटा हे नाव फक्त ग्रीसच्या ठरावीक भागांतल्या चीजला लावता येतं. दूध मेंढीचं, फार तर ३० टक्के शेळीचं, आणि किमान दोन महिने मुरलेलं. खारट-आंबटपणा हाच त्याचा जीव. पनीर ना खारट ना आंबट! नसेल फेटा तर चीजशिवाय खा ना. उलट झाझिकीसाठी महागड्या 'ग्रीक योगर्ट'चे डबे आणणारेही तेवढेच वेडे. ते दही म्हणजे गाळलेलं दही, आपला चक्का. रात्री पंचात बांधून टांगा. सकाळी काकडी किसून, मीठ लावून घट्ट पिळा, लसूण, तेल आणि थोडा शेपू घाला. होय, शेपूच! ज्या भाजीला आपण घरात नाकं मुरडतो, तीच तिथे 'डिल' झाली की आपण फोटो काढतो.

पण खरा वाद फावावरून झाला. सांतोरिनीची फावा बाकल्याची नसते, आपल्या लाखेच्या डाळीच्या चुलतबहिणीची असते. बाकीच्या ग्रीसमध्ये पिवळ्या वाटाण्याची डाळ सर्रास चालते, आणि ती आपल्या किराणा दुकानात मिळते. कांदा घालून मऊ शिजवायची, घोटायची, वर कच्चं ऑलिव्ह तेल, लिंबू, चिरलेला कांदा. बस्स. हळदसुद्धा नाही.

दुसऱ्या खेपेला हीच वाढली. एक मित्र म्हणाला, "अरे, हे तर वरण आहे! जिरं-हिंगाची फोडणी दे की. आणि यासाठी एवढे लाख घालवलेस?"

हो, यासाठीच. कारण तिथल्या खाणावळीत आजीबाईंनी हेच वरण पाहुण्यांपुढे पहिल्यांदा आणून ठेवलं, न लाजता. आपल्याकडे पाहुणे आले की वरणभात मागे जातो आणि पनीरची ग्रेव्ही पुढे येते. साधं म्हणजे कमी, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं आहे की साधा पदार्थ दिसला रे दिसला की आपले हात मिसळणाच्या डब्याकडे जातात. चार जिनसांच्या पदार्थात पाचवी घातली की तो 'आपल्या चवीचा' होत नाही, फक्त पहिल्या चार दिसेनाशा होतात. मित्राला हे ऐकवलं. त्याने ताटात लोणचं वाढून घेतलं.

मागच्या महिन्यात आई आली होती. तिला काही न सांगता फावा वाढली. तिने चाखली, थोडा भात मागितला, आणि म्हणाली, "मीठ जरा कमी आहे रे."

खरंच कमी होतं.